तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?

न्हाणीघराच्या जाळीत अडकलेला केसांचा पुंजका बघून पोटात गोळा आला, तर आधी एक साधा भागाकार करून बघावा. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यातले साधारण दहा टक्के, म्हणजे दहा हजार, कुठल्याही दिवशी वाढ थांबवून नुसते अडकून राहिलेले असतात. ही विश्रांती असते सुमारे शंभर दिवसांची. शंभर दिवसांत दहा हजार, म्हणजे रोज शंभरेक केस गळायलाच हवेत. चार दिवसांनी न्हाणाऱ्या बाईच्या हाती तीन-चारशे केस एकदम येतात आणि ती धसका घेते. रोज डोकं धुणारीचेही तेवढेच जातात, पण थोडे थोडे जात असल्याने डोळ्यांवर येत नाहीत. केसांवर भांडी देणाऱ्या बाया दारोदार गुंतवळ गोळा करत हिंडतात, त्यांचा अख्खा धंदा याच भागाकारावर चालतो.

आपण ज्याला केस म्हणतो तो खरं तर निर्जीव धागा. जिवंत असतं ते कातडीखालचं मूळ, आणि ते भलतंच विलक्षण प्रकरण आहे. डोक्यावरची सगळी मुळं बाळ पोटात असतानाच तयार होतात. जन्मानंतर टाळूवर एकही नवं मूळ फुटत नाही. आहे ते प्रत्येक मूळ मात्र दोन ते सहा वर्षं केस घडवतं, मग दोन-तीन आठवड्यांत स्वतःचा खालचा भाग मोडून टाकतं, तीनेक महिने थांबतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून बांधून काढतं. यासाठी लागणाऱ्या स्टेम सेल मुळाच्या तळाशी असतील असा पूर्वी समज होता. १९९० मध्ये अमेरिकी संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिलं की त्या वरच्या अंगाला, एका इवल्याशा फुगवट्यात राहतात. तळ मोडला तरी फुगवटा शाबूत. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे कमरेपर्यंत पोचलेल्या वेणीचं टोक पाच-सहा वर्षांपूर्वी उगवलेलं असतं. ‘माझे केस खांद्याखाली जातच नाहीत’ म्हणणारीचे केस सहसा हळू वाढत नसतात. तिची मुळं लवकर थांबतात, इतकंच.

थंडी सरली की कित्येक जनावरांची लव एकदमच झडते. माणसाच्या डोक्यावर तसं होत नाही, कारण शेजारशेजारच्या मुळांचाही एकमेकांशी मेळ नसतो. कारखान्यात कामगारांना आळीपाळीने रजा द्यावी तसा हा कारभार आहे. कुणी ना कुणी रजेवर असतं, पण काम बंद पडल्याचं बाहेरून कळत नाही. शरीराला मोठा धक्का बसला की मात्र हजारो मुळं एकाच आठवड्यात रजा टाकतात. टायफॉइड, डेंग्यू, कोविड, मोठी शस्त्रक्रिया, महिन्यात दहा किलो उतरवणारं डाएट, असं काहीही निमित्त पुरतं. गंमत अशी की त्या दिवशी एकही केस पडत नाही. मुळांची विश्रांती पुरी झाली की मगच, दोन-तीन महिन्यांनी, पुंजकेच्या पुंजके हातात यायला लागतात. तोवर ताप विसरलेला असतो आणि आळ येतो नव्या शाम्पूवर किंवा बोअरच्या पाण्यावर. अल्बर्ट क्लिगमन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञाने १९६१ मध्ये या गळतीचं नीट वर्णन केलं आणि तिला टेलोजन एफ्लुवियम हे नाव दिलं.

बाळंतिणीचं गणितही हेच. गरोदरपणात इस्ट्रोजेन चढलेलं असतं आणि ते मुळांना थांबूच देत नाही. त्या नऊ महिन्यांत केस दाट दिसतात ते नवे आलेले नसतात, जुने गेलेले नसतात. बाळंतपण झालं की संप्रेरक उतरतं आणि साठलेली रजा सगळी मुळं एकदम घेतात. बाळ तीन-चार महिन्यांचं होऊन माणसं ओळखून हसायला लागतं, नेमकी तेव्हाच आईची उशी केसांनी भरते. औषधाशिवायही हे केस बहुधा वर्षभरात परत येतात. घरोघरच्या आज्यांनी तिला तेलाच्या बाटल्या आणून दिल्या, तर श्रेय तेलाला मिळतं.

म्हणून जाणता डॉक्टर टाळू बघण्याआधी तारखा विचारतो. तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं? गळती कधी सुरू झाली, एकदम की हळूहळू? या प्रश्नांचं मोल बुलढाण्याने दाखवून दिलं. डिसेंबर २०२४ च्या सुमारास शेगाव तालुक्यातल्या गावांत बायका, मुली, पुरुष यांचे केस तीन-चार दिवसांत हातात यायला लागले आणि काहींना पुरतं टक्कल पडलं. इतक्या झपाट्याने पडलेला केस रजेवरचा नसतो. तो वाढता वाढता मुळाशीच तुटलेला असतो आणि त्यामागे बहुधा विष किंवा कर्करोगावरच्या औषधांसारखं काही असतं. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी तिथे जाऊन तपासण्या केल्या, तेव्हा लोकांच्या रक्तात आणि केसांत, तसंच रेशनच्या गव्हात सेलेनियम कितीतरी पटींनी जास्त आढळलं. सेलेनियम चढलं की घोड्यांची आयाळ आणि शेपटी झडते हे पशुवैद्यांना ठाऊक होतंच. बुलढाण्यात पुष्कळांचे केस पुढे परत उगवले.

तपासणीत बरंचसं काम हात आणि डोळे करतात. पन्नास-साठ केसांची बट बोटांत धरून डॉक्टर हलकेच ओढतात. पाच-सहापेक्षा जास्त केस सुटून आले तर गळती चालू आहे. आलेला केस उजेडात धरला की टोकाला पांढरी गाठ दिसते. ‘मुळासकट आला हो’ म्हणून बायका रडकुंडीला येतात, पण ती गाठ म्हणजे मूळ नव्हे. मुदत संपवून गेलेल्या केसाचा तो बुंधा असतो आणि मूळ आपल्या जागी असतं. गाठ नसेल तर केस मधेच तुटला, म्हणजे तक्रार बहुधा मुळाची नसून केसाच्या निगेची. मग भांगामागे काळं किंवा पांढरं कार्ड धरून तिथले आखूड केस बघायचे. ज्याचं टोक निमुळतं आहे त्याला कधी कात्री लागलेली नाही. तो नव्याने उगवतोय.

रक्ततपासणीत थायरॉइड आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, यांना महत्त्व. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा रिता असू शकतो आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील तर संप्रेरकंही बघावी लागतात. यात एक छुपा खड्डा आहे. केसांसाठी म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या डोसने थायरॉइडच्याच काय, हृदयविकाराचा झटका ओळखणाऱ्या ट्रोपोनिन चाचणीचेही आकडे चुकू शकतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये तसा इशारा दिला. बायोटिनची खरी कमतरता मुळात दुर्मीळ. तरी गोळी खपते.

स्त्रियांच्या केसगळतीचा दुसरा मोठा प्रकार गुपचूप येतो. जाळीत पुंजका दिसत नाही, पण भांग वर्षागणिक रुंदावत जातो. कपाळावरची रेषा मात्र जागेवर राहते, म्हणून पुरुषांच्या टकलाहून हे वेगळं दिसतं. १९७७ मध्ये एरिख लुडविग या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने त्याच्या तीन पायऱ्या मांडल्या आणि त्या आजही वापरल्या जातात. इथे मुळं मरत नाहीत, लहान होत जातात. प्रत्येक फेरीत केस आधीपेक्षा बारीक, आखूड आणि फिका येतो, शेवटी लव उरते. टाळू मोठी करून दाखवणाऱ्या डर्मोस्कोपखाली जाड, मध्यम आणि हडकुळे केस शेजारी शेजारी उभे दिसतात. पाचातला एकाहून अधिक केस असा बारीक असला की निदान जवळपास पक्कं. यातल्या बहुसंख्य स्त्रियांची संप्रेरकं तपासणीत अगदी नॉर्मल निघतात.

यावरचं मुख्य औषध केसांसाठी जन्मलंच नव्हतं. मिनॉक्सिडिल ही अपजॉन कंपनीची तीव्र रक्तदाबावरची गोळी. १९७९ मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. ती घेणाऱ्यांच्या गालांवर, हातांवर केस उगवू लागले आणि तक्रारीतूनच टाळूला लावायचं औषध निघालं: १९८८ मध्ये पुरुषांसाठी, १९९१ मध्ये स्त्रियांसाठी. मुळातल्या एका एन्झाइमने त्याचं सल्फेट केलं तरच ते काम करतं; ज्यांच्यात हे एन्झाइम कमी, त्यांना ते लागू पडत नाही. पहिल्या दीड-दोन महिन्यांत केस उलट जास्त गळतात, कारण जागं झालेलं मूळ अडकलेला जुना केस ढकलून देतं. बाटली फेकली जाते ती नेमकी याच टप्प्यावर. फरक दिसायला चार-सहा महिने लागतात आणि लावणं सोडलं की मिळालेलं हळूहळू परत जातं. आता तीच गोळी अगदी छोट्या मात्रेत केसांसाठीही देतात, पण रक्तदाब आणि हृदयाचा विचार करून, डॉक्टरांच्याच हातून. स्पायरोनोलॅक्टोन हे औषधही उपयोगी पडतं, मात्र गरोदरपणात चालत नाही.

कशानेही परत न येणारे केस असतात ते व्रणाचे. घट्ट बांधल्याने कपाळावरचे केस जातात. हे १९०७ मध्येच ग्रीनलँडच्या बायकांमध्ये नोंदवलं गेलं होतं. वेळीच सैल बांधलं तर ते भरून येतात, वर्षानुवर्षं ओढलं तर फुगवट्यातल्या स्टेम सेलच जातात आणि मागे व्रण उरतो. म्हणून टाळूवर आग, लाली, गुळगुळीत चकचकीत चट्टा असेल तर सहा महिने तेल लावून बघू म्हणण्याची चूक करू नये.

चाईचा चट्टाही गुळगुळीतच असतो, पण तिथे गोष्ट उलटी. शरीराचीच संरक्षक पेशीसेना मुळाच्या तळावर तुटून पडते आणि फुगवट्याला सोडते, त्यामुळे कित्येक वर्षांनीही मूळ जिवंत सापडतं. बारिसिटिनिब या संधिवातावरच्या गोळीची चाचणी डोक्यावरचे निम्म्याहून अधिक केस गेलेल्या सुमारे १२०० जणांवर झाली. मोठा डोस घेणाऱ्या तिघांतल्या एकाहून अधिक जणांच्या डोक्याचा ८० टक्के भाग नऊ महिन्यांच्या आत भरून आला आणि २०२२ मध्ये तिला मान्यता मिळाली. ही सेना रंगीत केसांवरच जास्त राग काढते. म्हणून चाईतून सावरताना पुष्कळदा पहिले केस पांढरे येतात, रंग मागाहून भरतो. ते बघून कुणी मेंदी लावायची घाई करायचं कारण नाही.