इन्फ्लेमेबलमधला ‘इन’
इंग्रजी शब्दाच्या आधी जोडला जातो तो उपसर्ग, शेवटी जोडला जातो तो प्रत्यय. उपसर्ग बहुधा अर्थ फिरवतो, जसे हॅपीचे अनहॅपी. प्रत्यय बहुधा शब्दाची जात बदलतो: हॅपी विशेषण, हॅपीनेस नाम. शाळेत याच्या याद्या पाठ करून घेतात. त्यापेक्षा शब्द सुटा करून दाखवला तर मुलांना तो कायमचा कळतो.

खरा घोटाळा होतो तो ‘इन’पाशी, कारण लॅटिनमधून आलेले ‘इन’ दोन आहेत. एक नकाराचा. तो पुढच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो: इम्पॉसिबल, इललीगल, इरेग्युलर. संस्कृतातल्या ‘अ’, ‘अन्’चा हा जवळचा भाऊबंद. दुसऱ्या ‘इन’चा अर्थ ‘आत’, आणि इन्फ्लेमेबलमध्ये आहे तो हाच. टँकरवर हा शब्द दिसला तर आतला माल चटकन पेट घेणारा आहे, हे ध्यानात ठेवा. इथे नकार समजणे जिवावर बेतू शकते. म्हणून विसाव्या शतकात अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या जाणकारांनी ‘फ्लेमेबल’ वापरण्याचा आग्रह धरला. न पेटणारे ते नॉनफ्लेमेबल.

जोडण्याचा क्रमही महत्त्वाचा. ‘अनलॉक’ला ‘एबल’ जोडले तर अनलॉकेबल म्हणजे कुलूप उघडता येण्याजोगे. ‘लॉकेबल’ला ‘अन’ जोडले तर कुलूप लावताच न येणारे.