‘लहान आहे, विसरेल’ : मुलांचं दुःख आणि आपले गैरसमज

आई किंवा वडील गेले, जिवलग मित्राने आयुष्य संपवलं, प्रेम तुटलं, तर मुलांच्या मनावर काय परिणाम होतो याबद्दल घरोघरी ठाम मतं असतात. त्यातली काही मुलांना मदतीपासून लांब ठेवतात.

गैरसमज : एवढा आघात झाला, आता हे मूल टोकाचं पाऊल उचलणारच.

वस्तुस्थिती : डेन्मार्क, स्वीडन आणि फिनलंडमधल्या ७० लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. लहानपणी आई किंवा वडील गमावलेल्यांमध्ये आत्महत्येचा धोका सुमारे दुप्पट आढळला. तरीही २५ वर्षांच्या काळात हे प्रमाण मुलग्यांत हजारी ४ आणि मुलींत हजारी २ एवढंच होतं. बहुसंख्य मुलं सावरतात. मात्र पालकाने आत्महत्या केली असेल, तर धोका अधिक असतो.

गैरसमज : तेरावं झालं, शाळा सुरू झाली, आता तो सावरला.

वस्तुस्थिती : याच अभ्यासात वाढलेला धोका २५ वर्षं टिकून राहिलेला दिसला. ‘आता तूच घरचा कर्ता’ असं सांत्वनाला आलेला प्रत्येक जण चौदा वर्षांच्या मुलाला सांगतो. मग तो आईसमोर रडायचं थांबतो आणि आपण त्याला शहाणा म्हणतो. पहिली दिवाळी, वर्षश्राद्ध, दहावीचा निकाल, या दिवसांत त्याच्याजवळ आवर्जून बसा.

गैरसमज : प्रेमभंग हे काय दुःख आहे!

वस्तुस्थिती : दुःखाचं वजन मोठ्यांनी ठरवायचं नसतं. आत्महत्येमागे सहसा एकच कारण नसतं. आधीपासून नैराश्य, व्यसन, घरातली मारहाण किंवा पूर्वीचा प्रयत्न असेल, तर असा धक्का धोक्याचा ठरू शकतो.

गैरसमज : विषय काढला तर डोक्यात भलतंच येईल.

वस्तुस्थिती : विचारल्याने असे विचार वाढतात, असं संशोधनात आढळलेलं नाही. सरळ विचारा, ‘जगू नये असं वाटतं का रे?’ उत्तर ‘हो’ आलं तर रागावू नका, शपथा घालू नका. त्याला एकटं सोडू नका आणि डॉक्टरांकडे न्या.

गैरसमज : दैवापुढे इलाज नाही.

वस्तुस्थिती : अमेरिकेत ॲरिझोनामध्ये पालक गमावलेल्या मुलांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्या मोठ्यांसाठी एक प्रशिक्षण उपक्रम राबवला गेला. त्यात भाग घेतलेल्या मुलांमध्ये १५ वर्षांनंतरही आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न कमी दिसले. गेलेलं माणूस परत आणता येत नाही. मागे राहिलेल्या मुलाला भक्कम आधार मात्र देता येतो.

मुलाला किंवा तुम्हाला स्वतःला मदत हवी असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. तिथे मराठीतही बोलता येतं.