समुद्रतळाचा कायदा कोणाला विचारून?

पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा असल्याचे राज्य सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये घोषित केले, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून त्याहून लहान मासळी पकडण्यास मनाई केली. दोन्ही निर्णय स्वागतार्ह होत. तथापि तळहातात मावतील एवढ्या पापलेटांचे वाटे आजही मुंबईच्या मंडयांत मांडलेले दिसतात, आणि ते घेऊन जाणारे आम्ही-तुम्हीच असतो. मासळी केवढी झाल्यावर धरावी हे कायद्याने सांगितले. पण ती जेथे अंडी घालते, जेथे तिची पिल्ले पोसली जातात, त्या जागांचे रक्षण कसे करावे आणि ते ठरविताना कोणाला विचारावे, हा प्रश्न अद्याप अधांतरीच आहे.

ट्रॉल हे तळावरून ओढावयाचे जाळे. त्याचे तोंड उघडे राहावे म्हणून दोन्ही बाजूंस जड फळ्या असतात आणि खालच्या दोरास वजने लावलेली असतात. कोलंबी चिखलात राहते, तेव्हा जाळ्यालाही चिखल खरवडीतच पुढे जावे लागते. या ओढीत गाळ उसळतो, शिंपले-किडे-स्पंज उपटले जातात, आणि मासळी ज्यावर जगते ते भक्ष्यच नाहीसे होते. शेतकरी नांगरलेल्या रानाला पेरणीपर्यंत तरी विसावा देतो. येथे तोच पट्टा हंगामभर पुनःपुन्हा ओढला जातो. बारीक आसाच्या पिशवीत सापडलेली पिल्ले वाळवून त्यांची कुटी होते आणि ती कोंबड्यांच्या खाद्यात जाते. उद्याचे पापलेट आज कोंबडीला घालणे याला मत्स्योद्योग म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे!

कायद्यांची वाण आहे असे मात्र नव्हे. किनाऱ्यालगतचे पाणी ट्रॉलरांपासून राखावे ही मागणी सचिवालयात जन्मली नाही. सत्तरीच्या दशकात गोव्याच्या रापणकारांनी तीसाठी रस्त्यावर उतरून लढा दिला, आणि १९८० साली तेथे सागरी मासेमारीचा कायदा झाला. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने आपला अधिनियम केला. डॉ. सोमवंशी समितीने २०१२ साली पर्ससीन जाळ्यांविषयी अहवाल दिला. त्यावर आदेश निघण्यास मात्र फेब्रुवारी २०१६ उजाडावे लागले. त्या आदेशाने ही मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्याच काळापुरती मर्यादित केली. केंद्र सरकारने २०१७ मध्ये प्रखर दिव्यांच्या झोतात मासे गोळा करण्यास बंदी घातली, आणि २०२१ च्या दुरुस्तीने राज्याने दंडाच्या रकमा लाखांवर नेल्या. एवढे सगळे असून किनाऱ्यावरची तक्रार थांबत नाही, याचे कारण केवळ गस्तीनौकांच्या तुटवड्यात शोधणे आम्हास पुरेसे वाटत नाही.

मालवणचे उदाहरण बोलके आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचे खडक, तेथील प्रवाळ व समुद्रशेवाळ ही मासळीची आश्रयस्थाने आहेत. ती राखण्यासाठी १९८७ साली सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य घोषित झाले. त्यातील गाभ्याचे क्षेत्र ३ चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक. हेतूविषयी दुमत होण्याचे कारण नव्हते. पण ज्या गाबीत आणि रापणकार कुटुंबांची चूल त्या पाण्यावर पेटते, त्यांना अभयारण्य म्हणजे आपल्या दारातच घातलेले कुंपण वाटले. विरोध झाला, आणि पिढी पालटली तरी संशय पुरता फिटला नाही. ज्या रापणकाराने ट्रॉलरविरुद्ध सरकारच्या खांद्याला खांदा लावून उभे राहावयाचे, तोच सरकारच्या समोर उभा ठाकला. यापरते दुर्दैव कोणते? समुद्रात अभयारण्य घोषित करण्यापूर्वी स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित राखण्याची तजवीज करावी, हे वन्यजीव कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने आले. मालवणच्या दृष्टीने ते चार वर्षे उशिरा आले.

उलट, विश्वास टाकला की काय घडते तेही याच किनाऱ्यावर दिसते. जाळ्यात सापडलेले कासव वा अन्य संरक्षित प्राणी जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमारास छायाचित्राच्या पुराव्यावर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने डिसेंबर २०१८ मध्ये आणली, आणि मच्छीमारांनी ती आपली मानली.

अमेरिकेने १९९६ साली कायदाच केला की मासळीच्या अत्यावश्यक अधिवासाची नोंद करावी आणि मासेमारीने त्याची होणारी हानी शक्य तितकी कमी करावी. हे काम प्रादेशिक परिषदांकडे आहे. त्यांत मच्छीमारही बसतात आणि लोकांच्या सूचना जाहीरपणे ऐकल्या जातात. अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांभोवती २००६ मध्ये तळाशी ट्रॉल ओढण्यास विस्तीर्ण क्षेत्र बंद झाले, ते साधारण याच तत्त्वावर की नौका जेथे आजवर जात आल्या तेथे जावे, अस्पर्श तळास हात लावू नये. नौका कोठे जात आल्या, हे नौकावाल्यांवाचून कोण सांगणार?

आता यावर आक्षेप येईल की मच्छीमारांतच एकवाक्यता नाही. ते खरे आहे. ट्रॉलरचा मालक कर्जाचे हप्ते मोजतो, खलाशी वाट्यावर जगतो, रापणकार दोघांनाही बोल लावतो. शिवाय लहान तेवढे निर्दोष असेही नाही. डोल जाळ्यातही पापलेटाची पिल्ले सापडतातच. परंतु भांडण आहे म्हणून विचारू नये, हा न्याय उफराटा होय. तळ राखावा की नाही, हे मतास टाकावे असे आम्ही म्हणत नाही. तो राखलाच पाहिजे. कोणती खाडीमुखे, कोणते खडक, कोणत्या महिन्यांत बंद ठेवावे, याची उत्तरे मात्र बंदरावर आहेत, आणि त्यांत खलाशाचा व मासळी विकणाऱ्या कोळिणीचा शब्दही हवा.

राजपत्रातील अधिसूचनेने हे साधणार नाही. सरकारने मत्स्यखात्याचे अधिकारी व केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ यांना नकाशे घेऊन बंदरोबंदरी पाठवावे, सुनावणी मराठीत घ्यावी, आणि कोणती सूचना का स्वीकारली वा का फेटाळली हे लेखी जाहीर करावे. जून-जुलैच्या बंदीत नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. माणसे भेटण्याचा याहून सोयीचा काळ नाही. सुरुवात मालवणापासून व्हावी, आणि ती नारळी पौर्णिमेच्या आत व्हावी, कारण एकदा नारळ दर्याला गेला की सुनावणीस यावयाची ती माणसे पाण्यावर असतील.