मोगऱ्याला नुसती पानंच?

काल शेजारच्या काकूंनी विचारलं, "अगं, माझा मोगरा एवढा हिरवागार, पण कळी एक नाही!" गच्चीत जाऊन पाहिलं, तर लांबच लांब जुन्या फांद्या. छाटणीच झालेली नव्हती.

मोगऱ्याला फुलं नव्या फुटव्यावर येतात. म्हणून थंडी ओसरताना, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, छाटणी करायची. त्याआधी आठवडाभर पाणी अगदी कमी. मग सुकलेल्या काड्या काढून उरलेल्या फांद्या निम्म्यापर्यंत कापा, जुनी पानं खुडा, वरची माती हलकी करून दोन मुठी शेणखत घाला आणि पाणी पुन्हा सुरू करा. मन घट्ट करावं लागतं, कुंडी बोडकी दिसते! ऊन मात्र पाच-सहा तास हवंच. युरिया नको, त्याने पानंच माजतात.

जास्वंदीला हलकी छाटणी पुरे. उन्हाबरोबर पिठ्या ढेकूण येतो, तेव्हा पानांची खालची बाजू बघत जा.

भाज्यांत आता भेंडी आणि गवार लावा. भेंडीचं बी रात्रभर भिजवा. साधारण ४५-५० दिवसांत तोडणी सुरू होते.

गुलाबाची मोठी छाटणी आता नको, ती ऑक्टोबरात.

तुमचा मोगरा काय म्हणतोय? फोटो टाका, बघू या.