तान्ह्या बाळाच्या अंगावरचा लाल चट्टा

संत्र्याच्या खोडातून डिंक ओघळू लागला, की आपला बागाईतदार पुढल्या बहाराची वाट पाहत बसत नाही. रोगट साल खरवडतो आणि बोर्डो मलम लावतो. मात्र तान्ह्या लेकराच्या गालावर लाल चट्टा उमटला, तर त्याच घरात ‘ग्रहणाचा डाग आहे, जाईल आपोआप’ असे म्हणतात. बाप्तिस्म्याला टोपडे कपाळावर ओढून आणलेली बाळे आम्ही पाहतो. आईने लाजण्यासारखे त्यात काहीच नाही. ग्रहणाचा व या डागांचा काडीचाही संबंध नाही.

हे डाग दोन जातींचे असतात. पहिली जात रक्तवाहिन्यांच्या गाठीची. डॉक्टर तिला हिमॅन्जिओमा म्हणतात. जन्मतः ती बहुधा दिसत नाही किंवा पुसट असते. पाचव्या ते सातव्या आठवड्यात ती झपाट्याने फोफावते, पाच महिन्यांपर्यंत बहुतेक वाढ होऊन जाते आणि मग वर्षानुवर्षे हळूहळू ओसरते. पुष्कळ बाळांना औषध लागतच नाही. परंतु गाठ डोळ्याजवळ, नाकावर, ओठावर वा हनुवटीखाली असेल, चिघळत असेल, किंवा अंगावर पाच वा अधिक गाठी असतील, तर बाळ महिन्याचे होण्याच्या आतच बालरोगतज्ज्ञाला दाखवावे.

यावरचे औषध योगायोगाने सापडले. फ्रान्समधील बोर्डो शहरात (आपले बोर्डो मिश्रणही त्याच मुलखातले!) एका बाळाला हृदयाच्या त्रासासाठी प्रोप्रॅनोलॉल दिले, तर दुसऱ्याच दिवशी नाकावरची गाठ मऊ पडली. २००८ साली हे प्रसिद्ध झाले. पण म्हणून आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळीचा तुकडा बाळाला देऊ नये. साखर उतरून जीव धोक्यात येतो. डॉक्टरांनी दिलेले औषधही बाळाला पाजूनच द्यावे, आणि बाळ दूध पीत नसेल, ओकत असेल किंवा छातीत घरघर असेल, तर औषध थांबवून डॉक्टरांना विचारावे.

दुसरी जात गर्भातच चुकीच्या घडलेल्या शिरांची वा लसिकावाहिन्यांची. ही विरळा. ती ओसरत नाही, मुलाबरोबर वाढते. मानेवर मऊ सूज किंवा निळसर फुगवटा दिसतो. तिच्यावर प्रोप्रॅनोलॉल सहसा चालत नाही. काही प्रकारांत सिरोलिमस देतात.

हे सिरोलिमस मातीतून आले. १९६४-६५ साली ईस्टर बेटावरून मातीचे नमुने कॅनडाला नेले. अखंड भारतात जन्मलेले सुरेंद्रनाथ सेहगल यांनी त्या मातीतील सूक्ष्म जंतूपासून १९७२ च्या सुमारास हे द्रव्य वेगळे केले. शोध चालला होता बुरशीवरच्या औषधाचा! १९८३ मध्ये मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद झाली, तेव्हा त्यांनी ते घरच्या शीतकपाटात जपून ठेवले. पुढे १९९९ साली ते मूत्रपिंड रोपणासाठी मान्य झाले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत अवघड रक्तवाहिनीदोषांच्या ५७ रुग्णांपैकी ४७ जणांना सहा महिन्यांत काही अंशी गुण आला. दोष मुळापासून गेला असे मात्र नव्हे. या औषधाने रोगप्रतिकारशक्ती उतरते, तोंड येते. रक्ततपासणी वरचेवर करावी लागते. काही लसीही पुढे ढकलाव्या लागतात, म्हणून लसीकरणाच्या वेळी नर्सबाईंना हे औषध चालू असल्याचे आठवणीने सांगावे.

चट्ट्यावर बिब्बा, चुना लावू नये, चटका तर मुळीच देऊ नये. आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात, तेव्हा टोपडे-अंगडे काढून बाळ दाखवावे. शेजारी एक रुपयाचे नाणे धरून दर आठवड्याला मोबाइलवर फोटो काढावा. वाढ किती झाली ते डॉक्टरांना लगेच कळते. पांढुर्णा-सौंसरहून नागपूर काही दूर नाही. संत्र्याचा माल घेऊन आपण जातोच. कापूस वेचणीची घाई असली, तरी ही एक फेरी पुढे ढकलू नये.