चार जीबीची वाटणी

जुन्या 32-बिट संगणकावर मोठा व्हिडिओ जोडायला घेतला की कधीकधी प्रोग्राम ‘मेमरी अपुरी’ म्हणत बंद पडतो, आणि पाहावे तर रॅम अजून शिल्लक असते. आपण नवी रॅम आणायच्या गोष्टी करू लागतो. अशा वेळी बहुधा रॅम संपलेली नसते, पत्ते संपलेले असतात.

पत्ता वेगळा आणि घर वेगळे. आपल्या नवा रायपूरचे सेक्टर आधी नकाशावर पडले, इमारती मागाहून आल्या. संगणकातही प्रत्येक प्रोग्रामला पत्त्यांचा एक नकाशा मिळतो. 32-बिट मशीनवर त्यात 4,29,49,67,296 पत्ते मावतात, म्हणजे 4 जीबी. ज्या पत्त्याची गरज पडेल तिथेच ऑपरेटिंग सिस्टीम खरी रॅम जोडून देते.

मात्र हा सगळा नकाशा प्रोग्रामचा नसतो. वरचा भाग कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, स्वतःसाठी राखतो. फाइल वाचायची असो की पडद्यावर काही दाखवायचे असो, प्रोग्रामला घडोघडी कर्नलला हाक मारावी लागते. दर हाकेला नकाशा बदलला तर प्रोसेसरने जवळ ठेवलेली पत्त्यांची टिपणे पुसली जातात आणि वेळ जातो. म्हणून कर्नल प्रत्येक नकाशात हजरच असतो. प्रोग्रामला फक्त त्या हद्दीत शिरायला बंदी.

हद्द कुठे आखायची? 32-बिट विंडोजने निम्मे-निम्मे केले, 2 जीबी प्रोग्रामला आणि 2 जीबी कर्नलला. लिनक्सने साधारणपणे 3 आणि 1 अशी वाटणी ठेवली. विंडोजमध्येही प्रोग्रामला 3 जीबी देणारा पर्याय होता, पण तो लावला की ड्रायव्हर आणि कर्नलच्या याद्या उरलेल्या 1 जीबीत दाटीवाटीने बसत, आणि काही ड्रायव्हर चालेनासे होत. विंडोजच्या निम्म्या वाटणीला अनेकांनी नावे ठेवली; मला ती तितकी उधळी वाटत नाही.

कारण कर्नलचा संसार रॅमबरोबर वाढतो. लिनक्सच्या त्या 1 जीबीत जेमतेम 896 एमबी रॅम थेट हाताशी राहते. प्रोसेसरच्या पीएई सोयीमुळे 32-बिट सर्व्हरला 64 जीबीपर्यंत रॅम लावता येई. रॅमच्या दर 4 केबीच्या पानाची नोंद ठेवावी लागते आणि एका नोंदीला सुमारे 32 बाइट लागतात. गणित करून पाहा: 64 जीबीची पाने 1,67,77,216, नोंदी 512 एमबी. हाताशी असलेली निम्म्याहून अधिक जागा नुसत्या हिशेबाच्या वहीत गेली! 2003 साली इंगो मोलनार यांनी दोघांना वेगवेगळे 4 जीबीचे नकाशे देणारी सुधारणा केली, आणि रेड हॅटने आपल्या मोठ्या सर्व्हरसाठी ती वापरली. जागेचा प्रश्न सुटला, पण दर हाकेला टिपणे पुसण्याचा भुर्दंड आला.

64-बिट प्रोसेसरने भांडण मिटवले. आज लिनक्समध्ये सहसा दोन्ही बाजूंना 128 टीबीचे पत्ते असतात.

पुढे जानेवारी 2018 मध्ये ‘मेल्टडाउन’ उघड झाले. मुख्यतः इंटेलच्या प्रोसेसरमध्ये, बंदी असूनही, कर्नलच्या हद्दीतला मजकूर प्रोग्रामला आडवाटेने वाचता येत होता. तेव्हा कर्नलला प्रोग्रामच्या नकाशातून जवळजवळ पूर्ण बाहेर काढावे लागले आणि नकाशा बदलण्याचा जुना खर्च परत आला. अलीकडचे प्रोसेसर टिपणांवर नकाशाचा क्रमांक घालतात, त्यामुळे ती दर वेळी पुसावी लागत नाहीत.