ज्यांचं दुःख, त्यांचंच दप्तर

भोपाळहून नर्मदापुरमच्या रस्त्याला लागलं की वीस-पंचवीस किलोमीटरवर मंडीदीप येतं. जिल्हा रायसेन, पण ऊठबस सगळी भोपाळशी. ग्रॅफाइट इलेक्ट्रोडपासून औषधांपर्यंत नाना तऱ्हेचा माल इथे तयार होतो. ज्या कारखान्यात धोकादायक प्रक्रिया चालते, त्याला आपल्याकडची रसायनं कोणती आणि त्यांपासून धोका काय, हे कामगारांना आणि शेजारच्या वस्तीला सांगावं लागतं. अपघात झालाच तर काय करायचं याचा आराखडा तयार ठेवावा लागतो. ही कलमं कारखाना कायद्यात आली 1987 मध्ये. पर्यावरण संरक्षण कायदा त्याच्या आदल्या वर्षीचा. महाड, लोटे, तारापूरलाही तेच बंधन. वायुगळतीच्या ज्या रात्रीने ही कलमं लिहायला लावली ती उतरली शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, उत्तरेकडे. तिची आठवण जपणारं घरही तिकडेच आहे, करोंदच्या हाउसिंग बोर्ड कॉलनीत.

संग्रहालय म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतं तसं तिथे काही नाही. साधं राहतं घर. ‘रिमेंबर भोपाळ’ संग्रहालय 2 डिसेंबर 2014 रोजी, दुर्घटनेला तीस वर्षं होताना, सुरू झालं. ज्या कंपनीच्या कारखान्यातून वायू सुटला त्या युनियन कार्बाइडचे तेव्हाचे अध्यक्ष वॉरन अँडरसन त्याच्या दोनच महिने आधी अमेरिकेत वारले होते. 1984 च्या डिसेंबरात भोपाळला त्यांना अटक झाली, लगेच जामीन मिळाला, आणि त्यानंतर ते इथल्या कोर्टासमोर कधी उभे राहिले नाहीत.

त्या रात्री काय झालं ते थोडक्यात सांगायला हवं, कारण आता तिशीत असलेल्या वाचकाला ते सिनेमातूनच माहीत असतं. कीटकनाशक बनवणाऱ्या कारखान्याच्या ई-610 या टाकीत पाणी शिरलं. आत सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट होतं. थंड ठेवणारी यंत्रणा बंद, वायू जाळून टाकणारा मनोरा बंद. मध्यरात्रीनंतर वायू बाहेर पडला आणि भिंतीला लागूनच असलेल्या वस्त्यांवर पसरला. सरकारदरबारी मृत्यूंचा आकडा 5,295 आहे. पीडितांच्या संघटना तो वीस हजारांच्या वर सांगतात. पत्रकार राजकुमार केसवानी 1982 पासून या कारखान्याविषयी लिहून इशारे देत होते. ते छापूनही आलं होतं, एवढंच.

आकड्यांचा हा वाद मिटत नाही, म्हणूनच करोंदच्या घराने आकड्यापासून सुरुवात केली नाही. पत्रकार आणि संग्रहालयतज्ज्ञ रमा लक्ष्मी यांनी वाचलेल्या माणसांकडून वस्तू मागितल्या, त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून घेतलं. कपडे, फोटो, घरातल्या बारीकसारीक चीजा. गेलेल्या लेकराचं कापड आई सहज काढून देत नाही, आणि सरकारी माणसाला तर नाहीच. नुकसानभरपाईच्या रांगांत उभं राहून, मेलेल्याचा दाखला आणा, जिवंत असल्याचा दाखला आणा, हे ऐकून या लोकांचा कागदावरचा विश्वास उडाला होता. म्हणून इथे पहिल्यापासून एक अट पाळली गेली: सरकारचा पैसा नको, कंपन्यांचा नको. भिंतीवरच्या फोटोशेजारी टेलिफोनचा रिसीव्हर असतो. तो कानाला लावला की ज्याच्यावर बेतली त्याच माणसाचा आवाज येतो, त्याच्या बोलीत. मला ही युक्ती फार शहाणपणाची वाटते. लाउडस्पीकरवर हेच ऐकवलं असतं तर त्याचं भाषण झालं असतं. रिसीव्हरवर ऐकणारा एकटा असतो, आणि ऐकलेलं शेजाऱ्यावर ढकलता येत नाही.

कारखान्यासमोर जेपी नगरमध्ये एक पुतळा आहे. कडेवर मूल घेतलेली बाई, तिने तोंड झाकून घेतलंय, दुसरं पोर तिला बिलगलंय. दुर्घटनेनंतर वर्षा-दोन वर्षांतच तो उभा राहिला. घडवणारी रूथ वॉटरमन नेदरलँड्सची. तिच्या आईवडिलांच्या वाट्याला नाझींनी ज्यूंचा मांडलेला संहार आला होता. भोपाळचं पहिलं स्मारक अशा घरातल्या मुलीच्या हातून व्हावं, याला योगायोग म्हणणं मला जड जातं.

तरी दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नयेत. नाझींनी साठ लाख ज्यू ठरवून मारले. भोपाळची माणसं गेली ती खर्च वाचवण्याच्या हव्यासापायी आणि बेपर्वाईने. पण साक्षी कोणी गोळा करायच्या, याबाबतीत वॉर्सॉकडून शिकण्यासारखं आहे. तिथल्या बंदिस्त ज्यू वस्तीत इतिहासकार इमान्युएल रिंगेलब्लूम यांनी 1940 च्या नोव्हेंबरपासून सहकाऱ्यांकडून डायऱ्या, रेशनकार्डं, शाळकरी मुलांचे निबंध, पत्रकं जमवली आणि पत्र्याच्या पेट्यांत, दुधाच्या कॅनांत भरून जमिनीत पुरली. एक साठा 1946 मध्ये सापडला, दुसरा 1950 मध्ये. त्या गटातल्या राखेल आउअरबाख वाचल्या. पुढे जेरुसलेमच्या याद वाशेममध्ये साक्षी नोंदवणारा विभाग त्यांनी उभा केला, आणि नाझी अधिकारी आइखमनवरच्या 1961 च्या खटल्यात नाझींच्या कागदांबरोबर बळींची तोंडी साक्षही हवी, असा आग्रह धरला. युद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्याचा भर मारणाऱ्यांच्या दप्तरावर होता; आउअरबाखबाईंना मेलेल्यांचं दप्तर कोर्टात न्यायचं होतं.

भोपाळमध्ये ते कोर्टात पुरतं पोहोचलंच नाही. 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली. 2010 मध्ये सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि तिथल्या तिथे जामीनही. जादा भरपाईची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये फेटाळली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने वायूच्या परिणामांचे अभ्यास 1994 मध्येच गुंडाळले होते. मग नोंद ठेवायची कोणी? हमीदिया रुग्णालयात डॉ. डी. के. सत्पथींनी शवविच्छेदनं केली, ओळख न पटलेल्यांचे फोटो जपले. संभावना दवाखान्याने देणगीदारांच्या पैशावर रुग्णांच्या नोंदी चालू ठेवल्या. तिथे देशोदेशींचे स्वयंसेवक येऊन राबले. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या स्टेशनरी कारखान्यातल्या कामगार. 2004 च्या गोल्डमन पुरस्काराचे पैसे त्यांनी स्वतःकडे न ठेवता व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांसाठी चिंगारी ट्रस्ट काढला. अब्दुल जब्बार वर्षानुवर्षं शहाजहानी पार्कात बायकांच्या सभा भरवत. 2019 मध्ये ते गेले, पद्मश्री त्यानंतर आली. करोंदचं घर या सगळ्या खटपटींतूनच उभं राहिलंय. म्हणून तिथे शोकाइतक्याच आंदोलनाच्या घोषणा आणि गाणीही आहेत.

कारखान्याच्या जागेवर सरकारी स्मारक व्हायचं, म्हणून 2005 मध्ये वास्तुरचनाकारांची स्पर्धाही झाली. संघटनांचा सवाल होता की ज्या सरकारने भरपाईत हात आखडता घेतला, ते आमची कहाणी कोणत्या तोंडाने सांगणार? हा सवाल मला आडमुठा वाटत नाही. त्या जागेचंच पाहा. जानेवारी 2025 मध्ये कारखान्यातला 337 टन विषारी कचरा कंटेनरांत भरून जाळण्यासाठी पीथमपूरला नेला गेला, तेव्हा तिकडचे लोक रस्त्यावर उतरले. न्यायालयाच्या देखरेखीखाली तो जाळण्यात आला. पण आवारात पुरलेलं आणि तळ्यांत सोडलेलं विष मातीत मुरलं, आसपासच्या वस्त्यांच्या भूजलात उतरलं. त्या 337 टनांत त्याची गणतीच नव्हती.